आधी गाव, मग ढाल : आयरिश ओब्रायन घराण्याचं मूळ कसं शोधावं

आयर्लंडमधल्या पर्यटनस्थळांवरच्या दुकानांत आडनावांची एक फिरती मांडणी हमखास दिसते. किल्लीची साखळी, मग, भिंतीवर लावायची लाकडी पाटी, आणि प्रत्येकावर एक आडनाव नि एक ढाल. 'ओब्रायन'च्या पाटीवर लाल ढालीत तीन सिंह असतात. आपलं किंवा आपल्या पणजीचं आडनाव ओब्रायन असेल तर हात आपसूक खिशाकडे जातो. आठवण म्हणून जरूर घ्या, पण ती ढाल आपली म्हणून घेऊ नका. ढाल, म्हणजे ज्याला सगळे कोट ऑफ आर्म्स म्हणतात ती, आडनावाला दिलेली नसते. ती एका माणसाला दिलेली असते आणि त्याच्या वंशजांकडे जाते. बाकीच्या हजारो ओब्रायन मंडळींचा तिच्यावर कायदेशीर हक्क नसतो.

म्हणून या शोधाची सुरुवात ढालीपासून करायची नाही. 'माझे ओब्रायन नेमके कुठल्या गावचे?' हा पहिला प्रश्न. तो सुटला की घराणं सापडतं आणि मग ढालीचा विचार करता येतो. पुणे, खडकी, देवळाली, भायखळा इथल्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांत आयरिश आडनावं आहेत, काहींच्या मुलांची लग्नं आयर्लंडमध्ये झाली आहेत, तर काही मराठी मंडळी तिथेच स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही ही वाट चालता येईल. ओब्रायनच्या जागी ओनील किंवा मर्फी घातलं तरी पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १ : आडनाव समजून घ्या

युरोपात पिढीजात आडनावं फार लवकर रुजली ती आयर्लंडमध्ये, दहाव्या-अकराव्या शतकांत. ओब्रायन त्यांतलंच. ब्रायन बोरू हा डाल गॅश या कुळाचा, शॅनन नदीकाठच्या किलालू भागातला राजा. १००२ मध्ये तो साऱ्या आयर्लंडचा राजा झाला आणि २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. त्याच्या नातवंडांच्या पिढीपासून 'उआ ब्रिअन' असं लिहिलं जाऊ लागलं. 'उआ' म्हणजे नातू, पुढे वंशज. त्याचंच 'ओ' झालं. टर्लक ओब्रायन (मृत्यू १०८६) हा खरोखरच ब्रायनचा नातू होता. टर्लकचा मुलगा मर्कर्टॅक याने ११०१ मध्ये कॅशलचा प्रसिद्ध खडक चर्चला देऊन टाकला.

बाई असेल तर आयरिश भाषेत आडनाव बदलतं. ओब्रायनची मुलगी 'नी व्रिअन' होते, तर ओब्रायनची बायको 'ई व्रिअन'. आयरिश भाषेतली नोंद हाती आली तर हे वेगळं आडनाव समजून बाजूला टाकू नका. 'ओ'नंतरचा वरचा स्वल्पविराम मुळात आयरिश नाहीच. 'ओ'वर दीर्घ उच्चाराची खूण असते, ती इंग्रजी कारकुनांनी तशी उतरवली.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो 'ओ' गळण्याने. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी सत्तेच्या दबावाखाली अनेकांनी 'ओ' आणि 'मॅक' सोडून दिले. १८९३ मध्ये आयरिश भाषा जपण्यासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली, त्या सुमारास ते पुन्हा लावण्याची लाट आली. त्यामुळे एकाच माणसाचा बाप्तिस्मा 'ब्रायन', लग्न 'ब्रिएन' आणि मृत्यू 'ओब्रायन' असा नोंदलेला सापडू शकतो. शिवाय उत्तर कॉनॉटमधल्या (कॉनॉट हा आयर्लंडचा पश्चिम प्रांत) काही ब्रीन घराण्यांनी आपलं आडनाव बदलून ओब्रायन केलं. त्यांचा ब्रायन बोरूशी रक्ताचा काही संबंध नाही.

पायरी २ : घरापासून मागे जा

कितीही मोह झाला तरी ब्रायन बोरूपासून खाली यायचं नाही. आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं, आणि प्रत्येक पिढीला निदान एक कागद हवा. जुनी बायबलं, प्रार्थनापुस्तकात ठेवलेली मृतांची स्मरणपत्रकं, सैन्यातली सेवापुस्तिका, लग्नाचे दाखले, थडग्यावरचे मजकूर गोळा करा. घरातल्या वयस्कर माणसांना तारीख विचारू नका, गावाचं नाव विचारा. गाव लोक जास्त काळ लक्षात ठेवतात. 'क्लेअरमधले' (क्लेअर ही एक काउंटी, म्हणजे जिल्हा) एवढंच कळलं तर पुढचा रस्ता लांब पडतो. 'क्लेअरमधल्या किलमरीजवळचे' कळलं तर अर्धं काम झालं. मात्र क्लेअरमध्ये किलमरी इब्रिकन आणि किलमरी मॅकमॅहन अशा दोन वेगळ्या पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेले विभाग, आहेत, तेव्हा कागदावर नुसतं किलमरी दिसलं तर दोन्हीकडे शोधा.

इथे एक गोष्ट मराठी वाचकाला पटकन कळेल. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या आडनावातच मालवण तालुक्यातलं वराड गाव आहे. ओब्रायनमध्ये गाव नाही, पूर्वज आहे. आपल्याकडे आडनाव ऐकून गाव कळतं; आयरिश आडनावाचं गाव कागदांतून खणून काढावं लागतं.

पायरी ३ : जन्म, लग्न, मृत्यू

आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं मात्र १ एप्रिल १८४५ पासूनच नोंदली जात होती. सरकारच्या 'आयरिश जिनिऑलॉजी' या संकेतस्थळावर मूळ नोंदवहीच्या पानांची छायाचित्रं फुकट पाहता येतात: जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर वर्षांपूर्वीची, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे.

जन्माच्या नोंदीची ओळ नीट वाचा. तारीख आणि जन्माचं ठिकाण, बाळाचं नाव, बापाचं नाव नि राहण्याचं ठिकाण, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, बापाचा धंदा, शेवटी खबर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता. खबर देणारी आजी किंवा मावशी असेल आणि लिहिता येत नसेल तर नावापाशी फुली असते. आईचं माहेरचं आडनाव हा यातला सर्वांत मोलाचा रकाना. जॉन ओब्रायन गावात सात असतील, पण मेरी हेहर हिच्याशी लग्न झालेला जॉन ओब्रायन बहुधा एकच असतो. दोन मुलांच्या जन्मनोंदी सारख्या जोडीच्या निघाल्या की कुटुंब पक्कं झालं.

जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उशिरा नोंद केली तर दंड पडे, म्हणून लोक तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर चर्चची तारीख खरी धरा.

शोध घेताना ओब्रायन, ब्रायन, ब्रिएन, ओब्रायन 'वाय'ने लिहिलेलं, अशी सगळी रूपं 'ओ'सह आणि 'ओ'शिवाय टाका. १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी आडनावांची क्रमवारी लावली, तेव्हा ओब्रायन साऱ्या देशात सहाव्या क्रमांकावर होतं. एवढ्या गर्दीत नुसत्या नावाने शोधणारा माणूस हमखास दुसऱ्याच कुटुंबात शिरतो.

पायरी ४ : जनगणना

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरी भरलेले कागद आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याआधीचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळून गेला त्यात खाक झाले. आयरिश वंशशोधातली सगळ्यांत मोठी पोकळी ही आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या ती भरून काढण्यासाठी आहेत.

१९११ च्या कागदात लग्न झालेल्या बाईला किती वर्षं लग्नाला झाली, किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत, हे विचारलेलं आहे. 'नऊ झाली, पाच जिवंत' असं वाचलं की उरलेल्या चार मुलांच्या नोंदी शोधायला हव्यात हे कळतं. दहा वर्षांत माणूस पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला दिसला तर गोंधळू नका. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी पार केलेल्यांना पेन्शन मिळू लागली, त्यामुळे १९११ मध्ये वयं एकाएकी वाढली. याच पेन्शनमुळे एक देणगीही मिळाली. १८६४ पूर्वीचा जन्मदाखला कुणाकडेच नव्हता, म्हणून वय सिद्ध करायला लोक १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून आपल्या कुटुंबाचा उतारा मागवत. मूळ कागद जळाले, पण त्या अर्जांवर उतरवलेली माहिती शिल्लक आहे. अर्काइव्ह्जमध्ये ती पाहायला विसरू नका.

पायरी ५ : टाउनलँड पकडा

आयर्लंडचा सगळ्यांत लहान भूभाग म्हणजे टाउनलँड. 'टाउन' म्हटलं तरी शहर नाही. कधी चार-पाच घरांची वाडी, कधी नुसती कुरणं. देशात अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. काही टाउनलँड मिळून सिव्हिल, म्हणजे सरकारी, पॅरिश, त्यांची बॅरनी, बॅरन्यांचा परगणा म्हणजे काउंटी. कॅथलिक पॅरिशच्या सीमा या सिव्हिल पॅरिशशी जुळतीलच असं नाही, आणि नोंदणीचा जिल्हा तर जुन्या गरीब-कायद्याच्या युनियनवरून, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागांवरून, ठरलेला. एकाच घराचे तीन वेगळे पत्ते निघाले तरी तिन्ही बरोबर असू शकतात. टाउनलँड हाती आलं की 'लॉगनम' या सरकारी स्थलनाम-कोशात ते शोधून बॅरनी आणि पॅरिश लिहून ठेवा.

ओब्रायनांचा मूळ मुलूख थॉमंड, म्हणजे आजचं क्लेअर आणि लिमरिक नि टिपररीचा लगतचा भाग. क्लेअरमध्ये इंचिक्विन नावाची बॅरनीच आहे. तुमचे पूर्वज तिथले निघाले तर बरं लक्षण आहे, पण एवढ्यावर राजघराण्याशी नातं जोडू नका. सरदाराच्या मुलखात त्याच्या आडनावाची सामान्य शेतकरी कुटुंबं शेकडो असत.

पायरी ६ : चर्च आणि जमीन

१८६४ च्या मागे जायला चर्चच्या वह्या लागतात. कॅथलिक पॅरिशच्या सुमारे १८८० पर्यंतच्या वह्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ऑनलाइन खुल्या केल्या. अक्षर घाणेरडं, शाई उडालेली, आणि नावं अनेकदा लॅटिनमध्ये: जेम्सचा जाकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. ओब्रायनांच्या बाबतीत आणखी एक गाठ सोडवावी लागते. या कुळाची पिढीजात आयरिश नावं इंग्रजीत लिहिताना बदलत. टर्लकचा टेरेन्स व्हायचा, डोनोचा डेनिस, टायगचा थॅडी किंवा टिमोथी, कॉनरचा कॉर्नेलियस, आणि खुद्द ब्रायनचा बर्नार्ड. कॉर्नेलियस ओब्रायन आणि कॉनर ओब्रायन एकच माणूस असण्याची शक्यता नेहमी धरा. नावं ठेवण्याची रीतही मदतीला येते: पहिला मुलगा बापाच्या बापावरून, दुसरा आईच्या बापावरून. नियम म्हणून नव्हे, पण दिशा मिळते.

जमिनीचे कागद दोन. १८२३ ते १८३७ ची टाइद वही, म्हणजे चर्चच्या दशमांश करासाठी केलेली शेतकऱ्यांची यादी. आणि १८४७ ते १८६४ मधलं ग्रिफिथचं मूल्यांकन. ग्रिफिथमध्ये प्रत्येक टाउनलँडमधला जमीन कसणारा, जमीनमालक, क्षेत्र आणि किंमत लिहिलेली असून सोबत नकाशेही आहेत. एका वाडीत दोन मायकेल ओब्रायन असतील तर मोजणीदार नावापुढे बापाचं नाव किंवा 'तांबडा' असं काही लिहून फरक करी. तो शब्द जपून उतरवून घ्या. क्लेअर काउंटी लायब्ररीने यातलं बरंच साहित्य आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवलंय.

भारतातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयर्लंडमधून मोठ्या संख्येने भरती होत असे. कंपनीची बॉम्बे युरोपियन पलटण पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्यूझिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये तिचं नाव बदलून रॉयल डब्लिन फ्यूझिलिअर्सची दुसरी बटालियन असं झालं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत 'एन/३' या मालिकेत आहेत; बंगाल 'एन/१', मद्रास 'एन/२'. या नोंदींत आयर्लंडमधलं गाव सहसा नसतं, बापाची पलटण असते. पलटण कळली की शिपायाचे सैन्यातून सुटल्याचे कागद शोधा. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या छापील अर्जावर 'अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहराजवळ, अमुक काउंटीत जन्मलेला' अशी ओळच असे. सगळ्या शोधात गाव सरळ सांगणारा एवढा चांगला कागद दुसरा नाही.

डीएनए चाचणी उपयोगाची आहे, पण तिचा उपयोग ओळखून करा. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्रात 'आर-एल२२६' ही खूण डाल गॅश कुळाच्या मुलखाशी जोडली जाते. ओब्रायन पुरुषात ती सापडली तर थॉमंडशी नातं बळकट होतं. सापडली नाही तर ब्रीनसारखं दुसरं मूळ, दत्तक, किंवा आईकडून आलेलं आडनाव अशा शक्यता तपासायच्या.

पायरी ७ : ढाल वाचायला शिका

आता ढाल. तिचं शास्त्रीय वर्णन एका ठरलेल्या, फ्रेंचमिश्रित भाषेत करतात. ओब्रायनांचं असं: 'ग्यूल्झ, थ्री लायन्स पासंट गार्डंट इन पेल, पर पेल ऑर अँड आर्जंट.' ग्यूल्झ म्हणजे लाल. वर्णनात पहिला येतो तो पार्श्वभूमीचा रंग. पासंट म्हणजे पुढचा उजवा पंजा उचलून चालणारा, गार्डंट म्हणजे तोंड आपल्याकडे वळवलेला. इन पेल म्हणजे तिन्ही सिंह एकाखाली एक. शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा: पर पेल ऑर अँड आर्जंट, म्हणजे प्रत्येक सिंह उभा दुभागलेला, अर्धा सोनेरी, अर्धा रुपेरी.

डावी-उजवी बाजू ढाल धरणाऱ्याच्या दृष्टीने मोजतात, म्हणून सोनेरी भाग पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो. सिंह त्याच दिशेला चालतात, म्हणजे तोंडाकडचा अर्धा सोनेरी आणि शेपटीकडचा रुपेरी. थडग्यावर किंवा जुन्या छापील चित्रात रंग नसतो. तिथे सतराव्या शतकापासून रूढ झालेल्या खुणा पाहा: उभ्या रेघा म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. ओब्रायनांच्या ढालीवर उभ्या रेघांच्या पार्श्वभूमीवर पुढे ठिपके नि मागे कोरे असे सिंह दिसले पाहिजेत. दुकानातल्या पाटीवर तिन्ही सिंह पूर्ण सोनेरी असतील तर ती ओब्रायनांची ढाल नव्हेच, ती इंग्लंडच्या राजाची झाली.

ढालीच्या वर शिरस्त्राण आणि त्यावर तुरा: ढगातून निघालेला, कोपरात वाकलेला हात, मुठीत तलवार. आयरिश ब्रीदवाक्याचा अर्थ 'बळकट हात वरचढ'. थॉमंडच्या सरदारांच्या पूर्ण ढालीचे चार भाग आहेत. पहिल्या आणि चौथ्यात सिंह, दुसऱ्यात रुपेरीवर टोकाशी मिळणाऱ्या तीन लाल पाचरी, तिसऱ्यात सोनेरीवर निळं बाणाचं टोक.

हे सिंह ब्रायन बोरूच्या झेंड्यावर क्लॉनटार्फला फडकत होते, अशी गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. पिढीजात ढालींची पद्धत युरोपात बाराव्या शतकात सुरू झाली, ब्रायन त्याच्या शंभर वर्षं आधी गेला. ओब्रायनांच्या ढालीचा कागदोपत्री इतिहास त्यांच्या सरदारकीशी बांधलेला आहे. १५४३ मध्ये मरो ओब्रायनने आपलं राजेपण आठव्या हेन्रीपुढे ठेवलं आणि बदल्यात थॉमंडचा अर्ल नि इंचिक्विनचा बॅरन हे किताब घेतले. १५५२ मध्ये आयर्लंडसाठी 'अल्स्टर किंग ऑफ आर्म्स' हे पद निर्माण झालं आणि ढालींच्या नोंदी सुरू झाल्या.

पायरी ८ : हक्क कुणाचा, आणि तुमचा मार्ग

१९४३ मध्ये अल्स्टर किंग ऑफ आर्म्सचं कार्यालय आयरिश सरकारकडे आलं. आता ते मुख्य हेरल्डचं, म्हणजे ढालींचं काम पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय म्हणून डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीचा भाग आहे. उत्तर आयर्लंडचं काम लंडनच्या 'नॉरॉय अँड अल्स्टर किंग ऑफ आर्म्स'कडे गेलं. पहिले मुख्य हेरल्ड एडवर्ड मॅकलायसा यांनी एक समंजस भेद केला होता: एकाच कुळातल्या माणसाने कुळाची ढाल प्रेमाने भिंतीवर लावली तर हरकत नाही, पण ती स्वतःची म्हणून पत्रशीर्षावर, अंगठीवर किंवा थडग्यावर वापरू नये. मला हाच मार्ग योग्य वाटतो. कुळाचा अभिमान राहतो आणि दुसऱ्याच्या हक्कावर पाय पडत नाही.

कुळप्रमुख असल्याचा दावा करणाऱ्यांपासूनही सावध राहा. आयरिश सरकार १९४४ पासून जुन्या कुळांच्या प्रमुखांना सौजन्य म्हणून मान्यता देत होतं. खोट्या वंशावळीचं एक प्रकरण गाजल्यावर २००३ मध्ये ती पद्धत बंद झाली. त्यामुळे कुणी आज 'सरकारमान्य कुळप्रमुख' म्हणून पदवीसाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

स्वतःची ढाल हवी असेल तर ती रीतसर मिळते. आयरिश नागरिक किंवा आयरिश वंशाचा माणूस, स्त्री असो वा पुरुष, मुख्य हेरल्डकडे अर्ज करू शकतो. घराण्यात एखादी ढाल तीन पिढ्या किंवा शंभर वर्षं सलग वापरात असल्याचा पुरावा असेल तर तिची 'पुष्टी' मागता येते. नसेल तर नवी ढाल मिळते. आत्तापर्यंत गोळा केलेले जन्म-लग्नाचे दाखले इथे लागतात, म्हणून प्रत्येक पिढीचा कागद क्रमाने लावून ठेवा. शुल्क बरंच असतं, ते अर्जाआधी कार्यालयाला विचारा.

रचना ठरवताना ओब्रायनांचे तीन सिंह जसेच्या तसे मागू नका. ती ढाल इंचिक्विनच्या बॅरनची आहे आणि ती गादी आजही चालू आहे. लाल पार्श्वभूमी ठेवा, एखादा दुभागलेला सिंह घ्या आणि त्याच्या जोडीला आपल्या शाखेची खूण द्या, मग ती तुमच्या टाउनलँडची नदी असो की पूर्वजाची मुंबईची पलटण. सोनेरीवर रुपेरी किंवा लालवर निळा येणार नाही एवढं पाहा; धातूवर धातू नि रंगावर रंग ठेवायचा नाही हा या शास्त्राचा जुना दंडक आहे, कारण ढाल लांबून ओळखू यायला हवी. मसुदा मान्य झाला की कातडी कागदावर हाताने रंगवलेलं पत्र मिळतं आणि त्याची नोंद सरकारी वहीत तुमच्या नावाने होते.